अग्नी, इंधन आणि डबा

भुसावळ म्हटले की बहुतेकांना रेल्वेचे जंक्शन आठवते. मुंबईकडून आलेला लोहमार्ग येथे फुटतो. एक फाटा जळगाव जिल्हा ओलांडून नागपूरकडे जातो, तर दुसरा खांडवा-इटारसीकडे. याच भुसावळला १९४९ पासून एक आयुध निर्माणी आहे आणि जवळच वरणगावला १९६४ पासून दुसरी. वरणगावला बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. भुसावळच्या निर्माणीत काय तयार होते, हे ऐकून मात्र विद्यार्थ्यांची थोडी निराशा होते. दारूगोळा ठेवण्यासाठी आणि वाहून नेण्यासाठी लागणारे धातूचे डबे, पेट्या आणि पिंपे हे तिचे जुने काम. पुढे तिच्याकडे ‘पिनाका’ रॉकेटांचे पॉड, म्हणजे रॉकेटांच्या नळ्यांचे जुडगे, बनवण्याचे काम आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले, तेव्हा भुसावळची निर्माणी ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीत गेली आणि वरणगावची ‘म्युनिशन्स इंडिया’मध्ये.

डबा बनवणे हे दुय्यम काम आहे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अण्वस्त्र वाहून नेणाऱ्या, जमिनीवरून डागायच्या क्षेपणास्त्रांचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. गेल्या ऐंशी वर्षांत या अस्त्रांत जे बदल झाले, त्यांतले महत्त्वाचे बदल एका साध्या प्रश्नाभोवती फिरतात: क्षेपणास्त्र वापरायचे नसते तेव्हा ते ठेवायचे कसे? हा प्रश्न जसजसा सुटत गेला, तसतसा एक दुसरा प्रश्न अवघड होत गेला. या लेखात आपण दोन्ही प्रश्नांचा मागोवा घेऊ.

भरावे लागणारे क्षेपणास्त्र

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनवलेले व्ही-२ हे लांब पल्ल्याचे पहिले क्षेपणास्त्र. सप्टेंबर १९४४ मध्ये ते लंडनवर पडू लागले. त्यात अल्कोहोल हे इंधन होते आणि ते जाळण्यासाठी द्रवरूप ऑक्सिजन. हा ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे तो टाकीत भरून ठेवता येत नाही. सारखा उडून जातो. म्हणून डागण्याच्या थोडे आधीच तो भरावा लागे. सोव्हिएत संघाच्या ज्या आर-७ क्षेपणास्त्राच्या आधारे १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला, त्याचीही हीच अडचण होती. उड्डाणापूर्वी त्याची तयारी कित्येक तास चाले. असे अस्त्र उघड्यावर उभे करून तासन्‌तास भरत बसायचे म्हणजे शत्रूला आमंत्रणच.

यावर पहिला उपाय निघाला तो साधारण तापमानाला द्रवच राहणारी रसायने वापरण्याचा. अमेरिकेने टायटन-२ या क्षेपणास्त्रात ती भरून भूमिगत कोठारांत वर्षानुवर्षे ठेवली. ही रसायने एकमेकांना भेटताच आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. सप्टेंबर १९८० मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या एका कोठारात दुरुस्ती चालू असताना पान्याचे सुमारे साडेतीन किलो वजनाचे टोपण एका कर्मचाऱ्याच्या हातून निसटले, वीसेक मीटर खाली आदळले आणि उसळून त्याने इंधनाच्या टाकीला भोक पाडले. काही तासांनी स्फोट झाला. एक जण दगावला. अण्वस्त्र कोठाराबाहेर फेकले गेले, पण सुदैवाने ते फुटले नाही.

भारताची कथाही द्रव इंधनापासूनच सुरू होते. १९७० च्या दशकात हैदराबादच्या संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेने सोव्हिएत बनावटीचे एस-७५ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र उलगडून पाहिले. ते जसेच्या तसे बनवण्याचा प्रकल्प यशस्वी झाला नाही, पण त्यातून द्रव इंधनाच्या इंजिनाची विद्या हाती आली. १९८३ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी ३८८ कोटी रुपये मंजूर झाले. त्यातले पहिले भूपृष्ठ क्षेपणास्त्र ‘पृथ्वी’ २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोटा येथून उडाले. १५० किलोमीटर पल्ला आणि १००० किलो भार हे त्याचे पहिले रूप. सैन्याने नव्वदच्या दशकात ते स्वीकारले.

पृथ्वीत तीव्र नायट्रिक आम्ल आणि अमाइन वर्गातली इंधने वापरतात. धातूवर नायट्रिक आम्लाचा परिणाम काय होतो, हे प्रयोगशाळेत आपण दाखवतोच. आम्लात प्रतिरोधक मिसळले तरी ते टाकीत दीर्घकाळ ठेवणे कठीण असते. म्हणून क्षेपणास्त्राबरोबर इंधनाचे, आम्लाचे आणि पंपांचे ट्रक असा मोठा ताफा न्यावा लागतो. ताफा दिसतो, वेळ जातो आणि हाताळणाऱ्या जवानांच्या जिवालाही धोका असतो.

वडी थापावी तसे इंधन

दुसरा उपाय घन इंधनाचा. यात अमोनियम परक्लोरेट हे ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखा चिकट पदार्थ एकत्र मळतात. हा लगदा क्षेपणास्त्राच्या नळकांड्यातच ओततात आणि बेताच्या उष्णतेने घट्ट होऊ देतात. मधोमध साच्याने एक पोकळी ठेवतात. आग त्या पोकळीच्या पृष्ठभागावर लागते. भरणे नाही, पंप नाहीत, गळती नाही. तयार वडी ताटात असावी तसे इंधन कायम जागच्या जागी असते.

मात्र ही वडी अखंड असावी लागते. इंधन पृष्ठभागावर जळते, त्यामुळे पृष्ठभाग वाढला की वायूही जास्त निर्माण होतो. वर्गात हे बटाट्याने दाखवता येईल. ४ सेंटिमीटर बाजूचा घन कापून घ्यावा. त्याचे पृष्ठफळ ९६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच २ सेंटिमीटर बाजूचे ८ घन करावेत. बटाटा तेवढाच, पण एकूण पृष्ठफळ १९२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट. इंधनाला तडा गेला तर नेमके हेच होते. नळकांड्यातला दाब अपेक्षेबाहेर वाढतो आणि क्षेपणास्त्र जागीच फुटू शकते.

आपल्याकडे मोठ्या घन इंजिनांची विद्या प्रथम अवकाश कार्यक्रमात वाढली. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांचा घन इंधनाच्या संशोधनात मोठा वाटा होता. १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. जुलै १९८० मध्ये एसएलव्ही-३ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि त्याचे प्रकल्पप्रमुख डॉ. कलाम होते. संरक्षणाच्या बाजूने पुण्यातच १९६० मध्ये स्फोटके संशोधन व विकास प्रयोगशाळा उभी राहिली. १९९५ पासून ती उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या नावाने ओळखली जाते.

‘अग्नी’चा जन्म या दोन परंपरांच्या संगमातून झाला. २० एप्रिल आणि १ मे १९८९ या दोन्ही दिवशी उलटी गणती मध्येच थांबवावी लागली. अखेर २२ मे १९८९ रोजी चांदीपूर येथून अग्नी उडाले. त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ चा घन इंधनाचा होता आणि दुसरा पृथ्वीच्या द्रव इंधनाचा. घरात जे होते त्यातून केलेली ही जुळणी होती. पुन:प्रवेशाच्या वेळी नाकाडाला होणारी प्रचंड उष्णता सोसता येते का, हे पाहायला ती पुरेशी होती. पण दुसऱ्या टप्प्याला भरण्याची कटकट उरलीच. १९९४ नंतर पाच वर्षे अग्नीचे उड्डाण झाले नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि ११ एप्रिल १९९९ रोजी अग्नी-२ उडाले. त्याचे दोन्ही टप्पे घन इंधनाचे होते आणि ते रेल्वेच्या डब्यावरून डागता येत होते. पुढे जानेवारी २००२ मध्ये ७०० किलोमीटर पल्ल्याचे अग्नी-१, एप्रिल २००७ मध्ये यशस्वी झालेले अग्नी-३, नोव्हेंबर २०११ मध्ये अग्नी-४ अशी मालिकाच तयार झाली. ही सर्व घन इंधनावर चालतात.

खानदेशचा उन्हाळा आणि बंद डबा

घन इंधनाचा शत्रू कोण? जळगाव-धुळ्याच्या वाचकांना तो वेगळा सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि हिवाळ्याच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. रबरी इंधन तापल्यावर जेवढे प्रसरण पावते, त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याने पोलाद प्रसरण पावते. १ मीटर व्यासाचे पोलादी नळकांडे ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढते, तर तेवढ्याच व्यासाचे इंधन मोकळे असते तर सुमारे ३ मिलिमीटर वाढले असते. दोघे एकमेकांना चिकटलेले असल्याने हा फरक ताणाच्या रूपाने सांध्यावर येतो. दरवर्षीच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात हा ताण वाढतो आणि उतरतो. त्यात भर पावसाळ्यातल्या दमट हवेची, कारण अमोनियम परक्लोरेट हा क्षार आहे आणि ओलावा त्याला सोसत नाही. वडी सुटणे, तडा जाणे, पृष्ठभाग मऊ पडणे या साऱ्या शक्यता येथून सुरू होतात.

घरी लोणच्याची बरणी आपण जशी दादरा बांधून कोरड्या जागी ठेवतो, तसाच उपाय येथे करावा लागतो. क्षेपणास्त्र कारखान्यातच एका हवाबंद नळीत घालायचे, आतली हवा कोरडी ठेवायची आणि त्याच नळीतून ते नेायचे, ठेवायचे व डागायचे. या नळीला कॅनिस्टर म्हणतात. आपण तिला सरळ डबा म्हणू.

भुसावळचे पॉड याच विचाराचे लहान रूप आहे. पिनाका हे पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने बनवलेले रॉकेट. एका पॉडमध्ये सहा रॉकेटे आणि एका वाहनावर दोन पॉड असतात. बारा रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात. रिकामा पॉड उतरवून भरलेला चढवला की वाहन पुन्हा सज्ज. पिनाका हे तोफखान्याचे अस्त्र आहे, अण्वस्त्राशी त्याचा संबंध नाही. पण ठेवण्याची, नेण्याची आणि सोडण्याची जागा एकच असावी, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

अग्नी-५ प्रथम १९ एप्रिल २०१२ रोजी उडाले, तेव्हा ते उघड्या मंचावरून डागले होते. ३१ जानेवारी २०१५ रोजी ते पहिल्यांदा डब्यातून उडाले. हे क्षेपणास्त्र सुमारे १७ मीटर लांब, २ मीटर व्यासाचे आणि ५० टनांच्या आसपास वजनाचे आहे. इतके मोठे इंजिन डब्यात पेटवले तर डबा आणि वाहन दोन्ही जळतील. म्हणून तळाशी एक वेगळा वायुजनक असतो. त्याच्या दाबाने क्षेपणास्त्र बुचासारखे बाहेर फेकले जाते आणि हवेत आल्यावर त्याचे इंजिन पेटते. जून २०२१ मध्ये चाचणी झालेले अग्नी-प्राइम हेही डब्यातलेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ते रेल्वेगाडीवरच्या खास प्रक्षेपकावरून डागण्यात आले. देशभर पसरलेल्या लोहमार्गांच्या जाळ्यात, इतर गाड्यांसारख्याच दिसणाऱ्या गाडीत असलेले अस्त्र हुडकणे शत्रूला फार कठीण जाते.

मिनिटांचा हिशेब

येथे दुसऱ्या, अवघड प्रश्नाकडे वळू. त्यासाठी अकरावीच्या भौतिकशास्त्रातले एक सूत्र पुरेल. हवेचा रोध आणि पृथ्वीचा गोलावा सोडून दिला, तर ४५ अंशांत फेकलेल्या वस्तूचा उड्डाणकाळ हा दुप्पट अंतराला गुरुत्वीय त्वरणाने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ असतो. मुंबई ते भुसावळ सरळ अंतर सुमारे ३७५ किलोमीटर आहे. ते दुप्पट करून मीटरमध्ये ७,५०,००० झाले. त्याला ९.८ ने भागून वर्गमूळ काढले की २७७ सेकंद येतात, म्हणजे साडेचार मिनिटांहून थोडे जास्त. ७०० किलोमीटरसाठी हेच उत्तर ३७८ सेकंद, सहा मिनिटांच्या थोडे पुढे. लांब पल्ल्याला पृथ्वीचा गोलावा विचारात घ्यावा लागतो, पण शेजारी देशांच्या बाबतीत हा हिशेब काळाची कल्पना द्यायला पुरेसा आहे.

क्षेपणास्त्र भरायला तास लागत होते, तेव्हा त्या तासांत दोन गोष्टी घडू शकत. शत्रूला ते दिसू शके, हा तोटा. आणि ज्यांनी आज्ञा दिली त्यांना ती मागे घेता येई, हा लाभ. डबाबंद घन इंधनाने तोटा गेला, पण त्याबरोबर आपोआप मिळणारा विचाराचा अवधीही गेला. यंत्राने लादलेला उशीर संपला की तो उशीर माणसांना नियम करून ठेवावा लागतो. क्षेपणास्त्रांच्या आधुनिकीकरणाचा हा भाग बातम्यांत क्वचित येतो.

भारताने तसे नियम केले आहेत. अण्वस्त्र प्रथम वापरणार नाही, हे धोरण ऑगस्ट १९९९ च्या मसुद्यात मांडले गेले आणि ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने अधिकृतपणे जाहीर केले. वापराची आज्ञा देण्याचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेलाच आहे. प्रथम वापरायचेच नसेल, तर अस्त्र शत्रूच्या हल्ल्यातून वाचणे महत्त्वाचे, आणि लपवता येणारा, फिरता डबा त्याला मदतच करतो. ‘आत्ता डागले नाही तर जागच्या जागी नष्ट होईल’ ही भीती कमी होते आणि थांबणे परवडते. डब्याच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पूर्वीच्या व्यवस्थेत अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळे ठेवणे सोपे होते. बंद डब्याच्या आत काय आहे, हे बाहेरून शेजाऱ्याला कळत नाही. तो वाईटात वाईट शक्यता धरून चालतो आणि आपल्याही हालचाली जलद करतो. मार्च २०२४ मध्ये अग्नी-५ ने एकाहून अधिक अण्वस्त्रे वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडण्याची चाचणी दिली, तेव्हा या शंकेत भरच पडली.

चूक किती सहज होते, याची दोन उदाहरणे पाहा. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याची सूचना दिली. कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी ती खोटी मानली आणि ती खोटीच होती. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. दुसरे उदाहरण आपले. ९ मार्च २०२२ रोजी भारतीय हवाई दलाचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू गावाजवळ पडले. ते अण्वस्त्ररहित होते आणि कोणी जखमी झाले नाही. भारताने खेद व्यक्त केला आणि ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याबद्दल ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. ब्राह्मोसही डब्यातच ठेवतात, हे येथे लक्षात घ्यावे. त्या दिवशी पाकिस्तानने प्रत्युत्तर दिले नाही, म्हणून ही घटना आज एका परिच्छेदात सांगता येते.

दोन्ही देशांमध्ये काही व्यवस्था आहेत. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असे ठरले आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला अशा केंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. ऑक्टोबर २००५ च्या कराराने बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी आधी कळवणे बंधनकारक झाले. हे कागद अग्नीच्या छायाचित्राइतके आकर्षक नसतात, पण मिनिटांच्या हिशेबात त्यांचे वजन मोठे आहे.

घराचा खर्च

श्रीमंत देशांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेने घन इंधनाचे मिनिटमन क्षेपणास्त्र १९६२ मध्ये कोठारांत बसवले. त्याची तिसरी आवृत्ती १९७० पासून सेवेत आहे. तिच्या जागी ‘सेंटिनल’ आणण्याचे ठरले. जुलै २०२४ मध्ये तेथील संरक्षण खात्याने सांगितले की, या कामाचा अंदाज ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला आहे. वाढीचा मोठा भाग क्षेपणास्त्राचा नव्हताच. तो कोठारे, नियंत्रण कक्ष आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांचा, म्हणजे ठेवण्याच्या व्यवस्थेचा होता.

यापुढे क्षेपणास्त्र चाचणीची बातमी वर्गात आली की पल्ला किती, हे मुले सांगतीलच. त्यानंतर आणखी तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत, असे आम्हांला वाटते. हे अस्त्र कशात आणि कसे ठेवतात? आज्ञा मिळाल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ जातो? आणि त्या वेळात ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्रात, दुसऱ्याचे भौतिकशास्त्रात आणि तिसऱ्याचे नागरिकशास्त्रात मिळेल. तीनही तासांचे शिक्षक एकत्र बसले तर एक चांगला पाठ तयार होईल.